कुठं न्यायचं? दवाखाना ठरवण्याआधीचे दोन प्रश्न

घरात कुणी अचानक आजारी पडलं की ‘काय झालंय’ यावर फारशी चर्चा होत नाही, ‘कुठं न्यायचं’ यावर मात्र वाद रंगतो. मामा म्हणतात कोल्हापूरला नेऊ, तिथं आपल्या ओळखीचे डॉक्टर आहेत. वहिनी म्हणतात, मागं यांच्या पायाचं ऑपरेशन झालं तिथंच चला, माणसं चांगली आहेत. शेजारचे काका फाटकापाशी उभं राहून बजावतात, काही करा पण सरकारीत नेऊ नका. तोवर पेशंट खाटेवर घाम पुसत बसलेला. ओळख असणं, माणसं चांगली असणं, इमारत पाच मजली असणं, यात वाईट काहीच नाही. पण या आजाराला जे लागणार आहे ते तिथं मिळेल का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

ते मिळवायला दोन प्रश्न पुरतात. एक, हातात वेळ किती आहे: मिनिटं, तास की आठवडे? दोन, या आजाराला नेमकं काय लागतं (मशीन, औषध की विशिष्ट डॉक्टर) आणि ते आत्ता या घडीला सगळ्यात जवळ कुठं आहे? ‘आत्ता’ हा शब्द महत्त्वाचा. दिवसा सगळं असलेलं हॉस्पिटल रात्री दोन वाजता एक नर्स आणि एक आरएमओ (निवासी डॉक्टर) यांच्या भरवशावर चालू असू शकतं.

मिनिटांचा खेळ

छातीत मधोमध दाबल्यासारखं होतंय, कळ जबड्याकडं किंवा हाताकडं जातेय, दरदरून घाम सुटलाय. इथं पहिली गरज ईसीजीची. पेशंट दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा, असा नियम डॉक्टर मंडळी मानतात. ईसीजीचं मशीन आज तालुक्याच्या बहुतेक हॉस्पिटलांत आणि ग्रामीण रुग्णालयांत असतं. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद झाल्याचं ईसीजीवर दिसलं, तर दोन वाटा असतात: कॅथलॅबमध्ये (जिथं नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात) अँजिओप्लास्टी करून ती उघडायची, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. अँजिओप्लास्टी सरस खरी, पण दोनेक तासांच्या आत होणार असेल तर. भामरागडच्या किंवा धडगावच्या माणसाला थेट नागपूर-नाशिकच्या रस्त्याला लावण्यात शहाणपण नाही. जवळ ईसीजी काढायचा, इंजेक्शन द्यायचं, आणि मग पुढं हलवायचं. पुण्यात राहणाऱ्यानं मात्र कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये रात्र काढू नये, थेट कॅथलॅब गाठावी.

एक सांगायलाच हवं. मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना आणि बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. दम लागतो, मळमळतं, ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन पडून राहतात. आयुष्यात कधी गॅसचा त्रास नसलेल्या साठीच्या माणसाला पहिल्यांदाच घाम फुटून गॅस झाला असेल, तर तो गॅस आहे हे ईसीजीला ठरवू द्या.

दुसरा आजार अर्धांगवायू. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं. लोक याला पॅरालिसिसचा अटॅक म्हणतात आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही पहिली धाव ‘लकव्याचं औषध’ देणाऱ्या गावाकडं असते. कुठं तेल, कुठं पुडी. तिथं जाऊन येईपर्यंत खरा इलाज हातचा गेलेला असतो. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. कारण हाच झटका गुठळीऐवजी रक्तस्रावानं आलेला असेल तर ते इंजेक्शन जीव घेईल. म्हणून ज्या दवाखान्यात सीटी नाही, तो कितीही चांगला असला तरी या आजारात तिथं थांबणं म्हणजे वेळ घालवणं. आणखी एक गोम: हृदयविकारात चघळायला देतात ती अ‍ॅस्पिरिनची गोळी इथं सीटी होईपर्यंत द्यायची नाही. मोबाईलवर फिरणारे निरोप या दोन आजारांची सर्रास गल्लत करतात.

साडेचार तास मोजायचे ते माणूस शेवटचा ठणठणीत दिसला त्या वेळेपासून. रात्री दहाला झोपले आणि पहाटे पाचला तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ दहापासून सुरू. पण वेळ टळली म्हणून घरी बसू नका. मोठी गुठळी असलेल्या काही पेशंटमध्ये ती नळी घालून काढता येते आणि निवडक लोकांत हे चोवीस तासांपर्यंत करतात. अर्थात ती सोय मोठ्या शहरातच.

निघताना गाडीतून फोन करा आणि असं विचारा: “पेशंटचं तोंड वाकडं झालंय, पाऊण तास झाला. तुमचं सीटी आत्ता चालू आहे का? गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडं देतात का? फिजिशियन हजर आहेत की बोलवावे लागतील?” समोरून ‘या तुम्ही, बघू’ एवढंच आलं, तर पुढचा नंबर लावा. नीट चालणाऱ्या कॅज्युअल्टीला या तीन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असतात.

आता १०८. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटर-मॉनिटर असलेल्या, बाकीच्या साध्या. गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे पडत नाहीत. गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२ वेगळी. १०८ ची गाडी वीस-पंचवीस मिनिटांत येत असेल तर थांबावं, कारण वाटेत हृदय बंद पडलं तर शॉक द्यायची सोय तुमच्या अल्टोत नाही. पण गाडीला तास लागणार म्हणाले आणि हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, तर स्वतःची गाडी काढा. अपघातात मान-पाठ दुखावली असेल, तर मात्र उचलून रिक्षात कोंबण्याची घाई नको.

जिथं लहान दवाखाना मोठ्याला भारी पडतो

साप चावला. महाराष्ट्रातले जीवघेणे विषारी साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर चालते, त्यामुळं साप मारून पिशवीत घालून नेण्याचा खटाटोप फुकट. ही लस प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, सिव्हिलमध्ये फुकट मिळते. उलट पुष्कळ खासगी दवाखाने ती ठेवतच नाहीत.

मण्यारीचं प्रकरण फसवं असतं, म्हणून जरा सविस्तर. पावसाळ्याचे दिवस, माणूस जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, सूज येत नाही, खूणही बहुधा सापडत नाही. पहाटे पोटात कळा सुरू होतात. घरचे अ‍ॅसिडिटी समजून गोळी देतात. थोड्या वेळानं पापण्या मिटायला लागतात, ‘झोप येतेय’ असं तो म्हणतो, पाणी गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो. या टप्प्याला जवळचं आरोग्य केंद्र गाठून लस सुरू करायची आणि लगेच व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवायचं. कारण पुढं श्वासाचे स्नायूच बंद पडतात. वाटेत श्वास थांबला तर फुगा दाबून श्वास देणारा माणूस गाडीत हवा. इथं पेशंटला आधी लस, मग मोठं हॉस्पिटल. उलटा क्रम महागात जातो.

घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायची तपासणी कुठल्याही आरोग्य केंद्रात होते: कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की लस सुरू. याला ना एमआरआय लागतो, ना पंधरा हजारांचं डिपॉझिट.

विंचवाची गोष्टही अशीच. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं पोरं दगावायची. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागात राहून प्रॅझोसिन या रक्तदाबावरच्या जुन्या, स्वस्त गोळीनं ते मृत्यू थोपवता येतात हे दाखवलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं सुरुवातीचं काम बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातलं आहे. सरकारी केंद्राला नाकं मुरडणाऱ्यांना मी हे नाव मुद्दाम सांगतो.

कुत्रं चावलं तर आधी घरीच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. मग सरकारी रुग्णालय. लस तिथं मिळतेच, पण जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, आणि ते गल्लीतल्या क्लिनिकात बहुधा नसतं. तिथं नुसती लस टोचून ‘झालं, जा’ म्हटलं, तर अर्धंच काम झालेलं असतं.

बाळंतपण: रात्री भूल कोण देणार?

नाव नोंदवताना लोक खोल्या बघतात, एसी आहे का विचारतात. विचारायचं ते वेगळंच. रात्री सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? रक्त कुठून आणता? बाळ रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ कोण आणि काचेची पेटी इथं आहे की बाळाला दुसरीकडं न्यावं लागेल? पहिलं सिझर झालेली, रक्तदाब वाढलेली, जुळी असलेली किंवा हिमोग्लोबिन सातच्या आसपास असलेली बाई असेल, तर या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय तिथं नाव घालू नये. बाकी सगळं सुरळीत असेल तर चांगलं चालणारं ग्रामीण रुग्णालय पुरेसं आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे.

फॅमिली डॉक्टर नावाची चाळणी

आता ज्या दुखण्यांत आठवडे हातात असतात त्यांच्याकडं. इथं लोकांची चूक उलटी होते: घाई नसताना थेट मोठ्या तज्ज्ञाकडं धावतात.

चक्कर घ्या. सकाळी कूस बदलली की घर गरगर फिरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं, पुन्हा मान वर केली की सुरू. घाबरून माणूस न्यूरोकडं जातो, एमआरआय होतो, मानेचा एक्स-रे होतो, ‘स्पाँडिलायसिस’चा पट्टा गळ्यात पडतो. बहुतेक वेळा हा कानाच्या आतल्या बारीक खड्यांचा प्रकार असतो. कानाचे डॉक्टर, किंवा शिकलेला फिजिशियनही, पेशंटला टेबलावर आडवं करून डोकं एका ठराविक क्रमानं वळवतो. पाच-दहा मिनिटांचं काम, मशीन नाही, औषधही फारसं नाही. पण चकरेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, चालताना तोल एका बाजूला गेला, तर तो वर सांगितलेला मेंदूचा झटका असू शकतो. मग सीटी-एमआरआय असलेल्या जागीच जायचं.

हा फरक पहिल्या पाच मिनिटांत करणारा माणूस म्हणजे फॅमिली डॉक्टर. प्रत्येक तज्ज्ञ आपापला अवयव बघतो. तुमच्या वडलांना कुठल्या गोळीनं पुरळ येतं, मागच्या वर्षी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती होतं, घरात कोण कुणाशी बोलत नाही म्हणून कुणाचा रक्तदाब चढतो, हे एकाच माणसाला ठाऊक असतं. अंगावर काढलेला ताप, वजन घटणं, थकवा अशा कुठल्याच एका अवयवाला न चिकटणाऱ्या तक्रारींत फॅमिली डॉक्टरनंतरचा माणूस म्हणजे एमडी मेडिसिन झालेला फिजिशियन. हृदयाचा, किडनीचा, मेंदूचा डीएम (एमडीनंतर त्याच अवयवाचं शिक्षण घेतलेला तज्ज्ञ) त्याच्याही पुढचा.

डॉक्टरांची पदवी विचारायला संकोचू नका. पाटीवर नोंदणी क्रमांक असायला हवा. आपल्याकडं खेड्यापाड्यांत पहिला डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, आणि त्यांतले अनेक जण पेशंट वेळेवर पुढं पाठवण्यात तरबेज असतात. माझी कसोटी पदवीपेक्षा ही: ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, उद्याच सिव्हिलला जा’ असं तो वर्षातून काही वेळा तरी म्हणतो का? कधीच म्हणत नसेल तर डॉक्टर बदला.

आणि अशक्तपणाला सलाईन मागू नका. ग्लुकोजच्या पाच टक्केवाल्या अर्धा लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. तेवढी ताकद चार-पाच चमचे साखरेच्या सरबतात मिळते, हातात सुई न खुपसता. सलाईन लागतं ते उलट्या थांबत नसतील, तोंडावाटे काही जात नसेल तेव्हा. डेंग्यूतही तेच: बहुतेक पेशंट पाणी, पेज, पॅरासिटामॉल आणि रोजच्या तपासणीवर घरीच बरे होतात. मात्र ताप *उतरल्यावरचे* एक-दोन दिवस धोक्याचे. तेव्हा पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरडीतून रक्त, गळून जाणं यातलं काही दिसलं तर अ‍ॅडमिट करायचं. प्लेटलेटचा नुसता आकडा बघून घाबरून बेड अडवण्यात अर्थ नाही.

मनाच्या दुखण्यासाठी पहिला फोन १४४१६ ला करता येतो. ‘टेली-मानस’ची ही सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

लांबणारे इलाज: अंतर हाही उपचाराचा भाग

डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. इथं नाव बघून ऐंशी किलोमीटरवरचं केंद्र धरलं, तर दोन महिन्यांत घरचा माणूस नोकरी सोडतो आणि चौथ्या महिन्यात पेशंट फेऱ्या चुकवायला लागतो. चुकवलेली फेरी जीवावर बेतते. म्हणून नीट चालणारं सगळ्यात जवळचं मशीन, जिल्हा रुग्णालयातलं असलं तरी, हेच योग्य.

कॅन्सरचं वेगळं. तिथं पहिला निर्णय उत्तम जागी व्हावा, पुढचे उपचार शक्य तितके घराजवळ. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून हे काम करतंय. त्याच्या पुढाकारानं २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं, त्यातली देशभरची केंद्रं एकाच पद्धतीचे उपचार पाळण्याचा प्रयत्न करतात. शेक देण्याचे (रेडिएशनचे) उपचार आठवड्यातून पाच दिवस, तीन ते सहा-सात आठवडे चालतात. एवढा काळ मुंबईत धर्मशाळेत काढण्यापेक्षा बार्शीच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कॅन्सर रुग्णालयात शेक घेणं मराठवाड्यातल्या कुटुंबाला झेपतं. ‘प्लॅन लिहून द्या, शेक जवळ घेतो’ असं डॉक्टरांना सरळ विचारावं, त्यांना राग येत नाही. बायोप्सीच्या काचा आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या, नुसता रिपोर्ट नव्हे. दुसरं मत घ्यायचं तर तेच लागतं. आणि राज्याची सीमा आड येऊ देऊ नका. दोडामार्ग, बांद्याची माणसं पिढ्यान् पिढ्या गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जातात, कारण तेच त्यांना जवळ.

पैशाचा प्रश्न, आधीच

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावानं सुरू झाली. आता रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांना तीत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. घोटाळा होतो तो इथं: ‘योजना आहे’ अशी पाटी बघून माणूस आत जातो, आणि कळतं की त्या हॉस्पिटलात योजना हाडांच्या ऑपरेशनला आहे, हृदयाच्या नाही. म्हणून ‘*या* आजाराला योजना आहे का?’ असं विचारायचं, काउंटरवर न विचारता आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस). आणि दाखल होतानाच विचारायचं. बिल झाल्यावर योजना लागत नाही.

ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या पेशंटला डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि भेटायचं ते समाजसेवा अधिकाऱ्याला. खासगी नर्सिंग होमनाही २०२१ च्या नियमांप्रमाणं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावावी लागते. नसेल तर मागा.

मेडिक्लेम असलेल्यांनी एक कलम वाचावं: खोलीभाड्याची मर्यादा. तीन लाखांच्या पॉलिसीत दिवसाला तीन हजारांची खोली मंजूर असेल आणि तुम्ही सहा हजारांची घेतली, तर कंपनी नुसता खोलीचा फरक कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांचंही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मं, कापू शकते. तीन लाखांच्या बिलात टीव्ही असलेली खोली अशी दीड लाखापर्यंत पडू शकते.

एका जागेवरून दुसरीकडं हलवताना

‘पुढं न्या’ असं सांगितलं की नातेवाईक लगेच गाडी शोधायला धावतात. आधी पुढच्या हॉस्पिटलला फोन करून बेड, व्हेंटिलेटर आणि घेणाऱ्या डॉक्टरचं नाव पक्कं करा. शक्य तर पाठवणाऱ्या डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलायला लावा. मग रेफर चिठ्ठी मागा आणि ती वाचा. तिच्यात कुठलं इंजेक्शन, किती वाजता, किती डोस दिला हे असायलाच हवं. गुठळीचं इंजेक्शन देऊन झालंय हे न कळता पुढच्यांनी तेच पुन्हा दिलं तर रक्तस्राव होतो, आणि लस किती कुप्या दिली हे न कळल्यास सर्पदंशाचा हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. ईसीजीचा कागद आणि सीटीची सीडी सोबत घ्या; फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो धूसर येतो. ऑक्सिजनवरचा पेशंट असेल तर सिलिंडरचा काटा निघण्याआधी स्वतः बघा, आणि ड्रायव्हरला विचारा, एवढ्यात किती तास निघतील.